तबकडी, ध्वनिफीत आणि श्रोत्यांचे मंडळ

संगीताचा इतिहास लिहिताना आपण बहुधा गायक-वादकांचा इतिहास लिहितो. घराण्यांचा लिहितो, क्वचित वाद्यांचाही लिहितो. परंतु श्रोत्यांचा इतिहास लिहावा असे फारसे कोणाला वाटत नाही. श्रोता म्हणजे समोर बसणारा आणि दाद देणारा, एवढीच त्याची नोंद. प्रस्तुत लेखात मला याच्या उलट बाजूने जावयाचे आहे. एखादा नवा नाद जन्माला आला, तरी तो हातोहात पोहोचविणारे, त्यावर वाद घालणारे आणि त्याला नाव देणारे मंडळ नसेल, तर त्याचे काय होते, हा माझा प्रश्न आहे. त्यासाठी मी दोन शहरांतील दोन ध्वनिमुद्रणे घेतली आहेत. एक शिकागोचे, दुसरे आपल्या मुंबईचे. दोहोंत वाजलेले यंत्र एकच आहे.

प्रथम एका शब्दाविषयी. 'भूमिगत' म्हटले की आपल्याला बेचाळीसची चळवळ आणि साताऱ्याचे प्रतिसरकार आठवते. संगीतात हा शब्द तेवढा जोखमीचा नाही. मोठ्या कंपन्या, नभोवाणी आणि वृत्तपत्रे यांच्या वाटेने न जाता लहानशा नृत्यगृहांतून, अल्पसंख्य तबकड्यांतून आणि नकललेल्या ध्वनिफितींतून जे संगीत फिरते, ते भूमिगत. शिकागोत ते तसे होण्यास कारणही घडले होते. १२ जुलै १९७९ रोजी तेथील कोमिस्की पार्क या बेसबॉलच्या मैदानावर डिस्को संगीताच्या तबकड्यांचा ढीग जाहीरपणे सुरुंगाने उडविण्यात आला. डिस्को हे मुख्यतः कृष्णवर्णीयांचे आणि समलिंगी तरुणांचे आवडते संगीत. त्या स्फोटात संगीताच्या नावडीबरोबर आणखीही काही नावडी होत्या, असे म्हणावयास हरकत नाही. मोठ्या कंपन्यांनी या संगीतातून अंग काढून घेतले, तरी नाचणारे लोक कोठे जाणार? ते वेअरहाउस नावाच्या नृत्यगृहात जात. तेथे १९७७ पासून फ्रँकी नकल्स तबकड्या वाजवीत असे. 'हाउस' हे संगीतप्रकाराचे नाव याच वेअरहाउसवरून पडले. 'इंपोर्ट्स एट सेटेरा' या शिकागोतील तबकड्यांच्या दुकानात गिऱ्हाइके तेथे ऐकलेल्या गाण्यांची चौकशी करीत आणि दुकानदार तशी चिठ्ठी लावून त्या तबकड्या वेगळ्या मांडीत. प्रकाराचे नाव पंडितांनी दिले नाही, ते दुकानाच्या फळीवर तयार झाले.

आता यंत्राकडे वळू. जपानच्या रोलँड कंपनीने १९८१ च्या अखेरीस 'टीबी-३०३' हे लहानसे यंत्र बाजारात आणले. एकट्याने गिटारचा रियाज करणाऱ्यास खर्जाची साथ मिळावी, हा त्याचा हेतू. ती साथ काही खऱ्या बास गिटारसारखी वाजेना आणि स्वर भरून ठेवण्याची पद्धतही किचकट. यंत्र सपशेल पडले. १९८४ मध्ये त्याचे उत्पादन थांबले आणि जुन्या मालाच्या दुकानांत ते कवडीमोलाने मिळू लागले. शिकागोच्या काही तरुणांच्या हाती ते आले, ते याच मार्गाने.

या तरुणांच्या गटाचे नाव फ्यूचर. डीजे पिअर, स्पँकी आणि हर्ब जे अशी तिघांची नावे. (डीजे हा शब्द आपल्याकडे गणपतीच्या मिरवणुकीतील ध्वनिक्षेपकांच्या भिंतीला लागतो, शिकागोत तो माणसाला लागतो.) पिअरने यंत्राच्या खुंट्या वाजता वाजता पिळावयास सुरुवात केली. येथे थोडे तंत्र सांगितले पाहिजे. या यंत्रात सोळा मात्रांचा एक तुकडा भरतात आणि तो आवर्तनासारखा फिरत राहतो. काही स्वर ठासून वाजविता येतात, काही एकमेकांवरून घसरविता येतात. खेरीज एक गाळणी असते. तिची खुंटी फिरविली की स्वर तोच राहून त्याचा रंग बदलतो, कधी चिखलासारखा दबका, कधी चरचरीत, कधी किंचाळणारा. पिअरने स्वर बदललेच नाहीत, केवळ रंग बदलीत नेला. अकरा मिनिटांहून अधिक काळ तेच आवर्तन! कागदावर वाचताना हे कंटाळवाणे वाटते, आणि पहिल्या ऐकण्यात ते कंटाळवाणे असतेही.

पुढची हकीकत प्रसिद्ध आहे. १९८५-८६ च्या सुमारास या मुलांनी ती ध्वनिफीत 'म्युझिक बॉक्स' या नृत्यगृहात रॉन हार्डी या डीजेकडे दिली. हार्डी मोठा धाडसी माणूस होता. त्याने ती लावली, आणि नाचणारे लोक बाजूला झाले. त्याच रात्री त्याने ती पुन्हा लावली, मग तिसऱ्यांदा. चौथ्या खेपेस लोक बेभान झाले होते. मला या घटनेत सर्वांत महत्त्वाची वाटते ती ही चार वेळांची गोष्ट. नभोवाणीवर नापसंत झालेले गाणे त्याच रात्री चार वेळा लागत नाही. कंपनीचा व्यवस्थापक पहिल्या नकारावरच फीत परत करील. ज्या खोलीत वाजविणारा आणि ऐकणारे एकमेकांना दर आठवड्याला भेटतात, तेथेच नावडलेली गोष्ट पुन्हा ऐकण्याची उसनवारी चालते. आपल्या बैठकीतही अनवट राग असाच रुजतो. गवयावर विश्वास असतो म्हणून श्रोता प्रथम न कळलेले सोसून घेतो.

ही फीत पुढे नकलांतून फिरू लागली. रचना कोणाची हे कोणालाच ठाऊक नाही, म्हणून लोकांनी तिला 'रॉन हार्डीचे ॲसिड' अशा अर्थाचे नाव देऊन टाकले. अशी एक नक्कल कानावर आली तेव्हा ही नवी चीज आपलीच असल्याचे पिअरच्या ध्यानात आले! १९८७ मध्ये ट्रॅक्स रेकॉर्ड्सने तबकडी काढली, तेव्हा श्रोत्यांनी दिलेलेच नाव ठेवावे लागले : 'ॲसिड ट्रॅक्स'. मार्शल जेफरसनने तिची लय थोडी उतरविली. पुढल्याच वर्षी इंग्लंडात 'ॲसिड हाउस'चे वादळ उठले. पैशाची बाजू मात्र काळी आहे. मोबदला मिळाला नाही अशी तक्रार ट्रॅक्सच्या अनेक कलावंतांनी वर्षानुवर्षे केली आणि २०२२ मध्ये त्यांपैकी काही जण न्यायालयात गेले. मंडळ नाव देते, कीर्ती देते, हिशेब ठेवीत नाही.

आता मुंबईकडे येऊ. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांतून वाजविणारे वादक. त्यांनी सिंगापुरात हेच टीबी-३०३, त्याच कंपनीचे टीआर-८०८ हे तालयंत्र आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर खरेदी केला, आणि १९८२ साली एचएमव्हीसाठी डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजविले. शिकागोच्या फितीच्या तीन-चार वर्षे आधी. ती तबकडी आज ऐकताना अंगावर काटा येतो. खाली ३०३ ची घसरती खर्जरेषा, ८०८ चा सरळ ठेका, आणि वर ललत किंवा भूप धावतो आहे. यंत्रातील घसरण आणि आपली मींड यांचे नाते त्यांनी नेमके हेरले होते.

म्हणून काही जण म्हणतात की ॲसिड हाउसचा शोध मुंबईत लागला. मला हे पटत नाही. शिकागोच्या मुलांनी ही तबकडी ऐकल्याचा काहीही पुरावा नाही. शिवाय दोघांचा विचार निराळा. सिंग यांना राग मांडावयाचा आहे. त्यांचे लक्ष स्वरावलीवर. पिअरचे लक्ष केवळ नादाच्या रंगावर. 'पहिला कोण' या भांडणापेक्षा एक रुजली आणि दुसरी का बुडाली, हा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो.

तबकडी खपली नाही. त्या वेळी आपल्याकडे रसिकांची मंडळे नव्हती काय? होती. पुण्या-मुंबईच्या रसिकांनी मैफलींची खासगी ध्वनिमुद्रणे जिवापाड जपली. एकाकडून दुसऱ्याकडे नकला गेल्या, त्यांवर रात्र-रात्र वाद झाले. पण माझ्या मते ही तबकडी दोन मंडळांच्या मधल्या फटीत पडली. ख्यालाच्या श्रोत्याने वेष्टनावर डिस्को हा शब्द वाचून ती खाली ठेवली असणार. डिस्कोच्या श्रोत्याला हवे होते गाणे, 'कुर्बानी'सारखे. त्याला ललताशी काय कर्तव्य? मुंबईत म्युझिक बॉक्स नव्हता, आणि तीच तबकडी एका रात्रीत चार वेळा लावणारा हार्डीही नव्हता.

२००२ मध्ये एडो बौमन या डच संग्राहकास दिल्लीत तिची एक प्रत सापडली आणि २०१० मध्ये त्याने ती पुन्हा प्रसिद्ध केली. तेव्हा कोठे तिला मंडळ लाभले, आणि तेही वाद घालीतच. हा बनाव आहे, ॲफेक्स ट्विन या इंग्लिश संगीतकाराने टोपण नावाने केलेली ही गंमत आहे, असा संशय काहींनी घेतला. १९८२ साली मुंबईत असे कोणी वाजविले असेल, हेच त्यांना खरे वाटेना. या संशयात आपल्याविषयीचे अज्ञान होते, हे खरे. तरी या वादाने तबकडीचे भलेच केले, कारण लोक ती कान देऊन पुनःपुन्हा ऐकू लागले. चरणजित सिंग उतारवयात युरोपच्या रंगमंचावर ही वाद्ये घेऊन उभे राहिले. २०१५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

याहून दीर्घ मौन अहमदाबादेत घडले. राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर उभारून दिला आणि पुढील काही वर्षे आपल्या लोकांनी त्यावर प्रयोग केले. ते चांगल्या संस्थेच्या चांगल्या कपाटात राहिले. पॉल पुर्गस या ब्रिटिश कलावंताने त्या फिती उजेडात आणल्या आणि त्यांतील निवडक प्रयोग २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. मी ते ऐकले. काही प्रयोग केवळ यंत्राची ओळख करून घेणारे आहेत, काहींत मात्र खरोखर विचार आहे. कोणते कोणत्या वर्गात घालावे, याविषयी माझे आणि माझ्या मित्रांचे अजून एकमत झालेले नाही.