आजचं चिंतन : गणाचार आणि कमरेचं पिस्तूल



कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीपुढे मान आपोआप खाली जाते. त्याच बीड जिल्ह्यात १,२०० हून जास्त शस्त्र परवाने होते. हवेत गोळीबाराचे व्हिडिओ राज्यभर फिरले, तेव्हा कुठे प्रशासनाने परवाने तपासून कित्येक रद्द केले. एवढी शस्त्रं असून लोकांची भीती का गेली नाही?

मला उत्तर पंचाचारात सापडतं. गणाचार सांगतो, अन्याय मुकाट्याने पाहू नका. आणि भृत्याचार सांगतो, सगळ्यांपुढे सेवक होऊन राहा. नम्रता सोडून नुसता गणाचार धरला, की त्याची दादागिरी होते. पिस्तूल दिसावं म्हणून शर्ट वर करणाऱ्याला रक्षण करायचं नसतं, धाक बसवायचा असतो.

मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख पवनचक्की प्रकल्पावरच्या वॉचमनला मारहाण झाली म्हणून मध्ये पडले होते. ९ डिसेंबर २०२४ ला अपहरण करून त्यांची हत्या झाली. नम्रपणे उभं राहणाराही एकटा पडला तर जीव जातो. म्हणून शब्द ‘गण’ आहे, ‘एक’ नाही. सुरक्षा ही चारचौघांनी मिळून करायची सेवा आहे.

आजचा संकल्प : पिस्तुलाच्या रीलला लाइक नाही. वरातीत गोळीबार दिसला तर ११२ ला फोन. २०१९ पासून जिवाला धोका होईल अशा गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद आहे. आणि खरं बोलणाऱ्याच्या शेजारी आपण जाऊन उभं राहायचं.

शिवार्पणमस्तु.