घरी घडणारे विमान

उद्दिष्टे
हा पाठ वाचल्यानंतर तुम्ही —
- संचापासून विमान कसे बांधले जाते, हे सांगू शकाल;
- उत्पादक आणि ग्राहक यांच्यातील विश्वासाचे महत्त्व स्पष्ट करू शकाल.

मूळ पाठ

विमान म्हटले की प्रचंड कारखाने आणि शेकडो अभियंते डोळ्यांसमोर उभे राहतात. परंतु नोकरी-व्यवसाय सांभाळून, रात्रीच्या फावल्या वेळात, घराच्या गॅरेजमध्ये विमान बांधणारी माणसेही जगात आहेत. अशा माणसांना विमानाचे सुटे भाग पुरविणारी एक प्रसिद्ध कंपनी म्हणजे अमेरिकेतील व्हॅन्स एअरक्राफ्ट होय. तिचा कारखाना ऑरेगन राज्यातील ऑरोरा येथे आहे.

या कंपनीचे संस्थापक रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन. 1960च्या दशकात त्यांनी एक लहान विमान घेतले आणि त्याचे पंख बदलून स्वतः तयार केलेले ॲल्युमिनियमचे पंख त्याला बसविले. पुढे त्यांनी संपूर्णपणे स्वतःच्या कल्पनेने एक आसनी विमान तयार केले. ते 1971 मध्ये आकाशात झेपावले. स्वतःच्या नावाच्या आद्याक्षरांवरून त्यांनी आपल्या विमानांना 'आर.व्ही.' हे नाव दिले. वेगाने उडणारे, तरीही लहानशा धावपट्टीवर उतरू शकणारे हे विमान पाहून इतरांनीही आराखड्यांची मागणी केली. त्यातूनच 1973 साली कंपनी उभी राहिली. कालांतराने दोन आसनी आणि चार आसनी विमानेही आली. आजवर या मालिकेतील अकरा हजारांहून अधिक विमाने उडाली आहेत.

विमानाचा संच टप्प्याटप्प्याने घेता येतो: प्रथम शेपटी, मग पंख, त्यानंतर मुख्य सांगाडा. त्यामुळे सगळा खर्च एकदम करावा लागत नाही आणि नवख्या माणसाचा हात शेपटीच्या लहान भागांवर बसतो. ॲल्युमिनियमचे पत्रे एकमेकांना रिव्हेटने जोडले जातात. एका विमानात अशी हजारो रिव्हेटे असतात. बांधणीला साधारणपणे दीड-दोन हजार तास लागतात. रोज तास-दोन तास काम करणाऱ्याची काही वर्षे त्यात सहज जातात. अमेरिकेच्या नियमानुसार अशा विमानाचे निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाने शिक्षण वा मनोरंजनासाठी स्वतः केलेले असावे लागते. मग विमानाची तपासणी होते, प्रमाणपत्र मिळते आणि ठरावीक तासांची चाचणी-उड्डाणे पूर्ण करावी लागतात. तोपर्यंत प्रवासी नेता येत नाहीत.

पूर्वी प्रत्येक छिद्र बांधणाऱ्यालाच मोजून पाडावे लागे. पुढे कारखान्यातील यंत्रे अचूक छिद्रे पाडून देऊ लागली आणि काम पुष्कळ सोपे झाले. कोरोना महामारीच्या काळात मात्र संचांची मागणी एकाएकी वाढली. ती पुरी करण्यासाठी काही भाग लेझरने कापून घेण्यात आले. रिव्हेटचे डोके पत्र्याच्या पातळीत बसावे म्हणून छिद्राची कड वाटीसारखी दाबावी लागते. लेझरने कापलेल्या काही छिद्रांच्या कडांना असे दाबताना बारीक भेगा पडत असल्याचे आढळले.

दोष केसाएवढा होता; पण ज्याने ते भाग जोडले होते, तोच उद्या त्या विमानात बसणार होता. अनेकांनी महिनोन्महिने केलेले काम उलगडण्याचा प्रश्न त्यांच्यासमोर उभा राहिला. भाग बदलून देण्याचा भार आणि आधीच वाढलेला खर्च यांमुळे कंपनी आर्थिक संकटात सापडली. डिसेंबर 2023 मध्ये तिने दिवाळखोरीच्या कायद्याखाली न्यायालयाचे संरक्षण मागितले. संस्थापकांनी स्वतःचे पैसे कर्जाऊ दिले. जुन्या ग्राहकांना वाढीव किंमत मान्य करावी लागली. अखेर 2024 मध्ये न्यायालयाने पुनर्रचनेची योजना मंजूर केली आणि कंपनी पुन्हा मार्गाला लागली.

घरी विमान बांधणारा माणूस एकटा काम करतो असे वाटते. प्रत्यक्षात त्याच्या प्रत्येक रिव्हेटमागे दूरच्या कारखान्यातील अनोळखी कामगाराची दक्षता असते. तयार वस्तू विकत घेणाऱ्याला तिच्या आतील कामाची क्वचितच जाण असते. येथे मात्र ग्राहक स्वतःच कारागीर असतो. म्हणूनच त्याच्या नजरेला लहानशी भेगही दिसते, आणि ती दिसणे हेच त्याच्या सुरक्षिततेचे पहिले साधन ठरते.

शब्दार्थ
संच – जोडणीसाठी एकत्र दिलेले सुटे भाग
रिव्हेट – पत्रे कायमचे जोडणारी धातूची खीळ
पुनर्रचना – नव्याने केलेली मांडणी
दक्षता – सावधपणा

पाठगत प्रश्न
1. संच टप्प्याटप्प्याने घेण्याचे दोन फायदे लिहा.
2. छिद्राची कड वाटीसारखी का दाबावी लागते?
3. 'येथे ग्राहक स्वतःच कारागीर असतो' या विधानाचा अर्थ तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.