माणसाची पारख : नोकरनेमणुकीच्या मुलाखतीविषयी चार शब्द



धान्याचा व्यापारी पोत्याच्या तोंडाशी दिसणाऱ्या दाण्यावर सौदा करीत नाही. लोखंडी नळी पोत्याच्या पोटात खुपसून तो नमुना काढतो, तळहातावर निरखतो, दाताखाली धरून पाहतो. परंतु ज्याच्या हाती वही व तिजोरी सोपवावयाची, त्या मनुष्याची परीक्षा आपण चहाचा पेला रिकामा होण्याच्या आत उरकतो.

हा दोष प्रथम माझाच सांगतो. काही वर्षांपूर्वी पादऱ्यातील माझ्या पेढीवर मुनिमाची जागा रिकामी झाली. दोन उमेदवार आले. पहिला बोलका, त्याचे गाव, घराणे व नातीगोती यांच्या चौकशीतच अर्धा तास सुखाने गेला. दुसरा संकोची, दोन प्रश्नांतच मी त्यास निरोप दिला. पहिल्यास नेमले. सहा महिन्यांनी वखारीतील पोती व वही यांचा मेळ बसेना. त्याने चोरी केली नव्हती. हिशेबात अडल्यावर विचारण्याची त्याला लाज वाटे, म्हणून तो चुका झाकीत गेला. तोटा मी सोसला, आणि अपराधही अधिक माझाच. जे विचारावयाचे ते मी विचारलेच नव्हते.

तेव्हापासून मी तीन नियम पाळतो.

पहिला : त्या जागेचे काम आधी कागदावर लिहून काढावे. त्यावरून पाचसहा प्रश्न ठरवावेत व सर्वांस तेच विचारावेत. निरनिराळ्या मापांनी मोजलेल्या दोन राशींची तुलना होत नाही.

दुसरा : काम करवून पाहावे. मी तोलाच्या दहा चिठ्ठ्या पुढे ठेवतो. ५० किलोच्या ४७ पोत्यांचे वजन २३ क्विंटल ५० किलो व्हावयाचे. एका चिठ्ठीत ते २५ क्विंटल ३० किलो लिहिलेले असते. चूक सापडते की नाही हे पाहतोच. पण ती मालकासमोर निर्भयपणे सांगतो की नाही, हे अधिक पाहतो. मग विचारतो, ‘मागील नोकरीत आपल्या हातून कोणती चूक झाली, व ती कळल्यावर आपण काय केलेत?’

तिसरा : उमेदवार उठून जाताच त्याच्याविषयीचे मत लिहून ठेवावे. सायंकाळपर्यंत गोड बोलणाराच तेवढा लक्षात राहतो.

अमेरिकेतील श्मिट व हंटर या संशोधकांनी ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा १९९८ साली प्रसिद्ध केला. त्यातही सैल गप्पांपेक्षा ठरीव प्रश्नांची मुलाखत व प्रत्यक्ष कामाची चाचणी अधिक भरवशाची ठरली आहे.

आता आपल्या बडोद्याचेच उदाहरण घ्या. केळुसकर गुरुजी तरुण भीमराव आंबेडकरांना श्रीमंत सयाजीराव महाराजांकडे घेऊन गेले. महाराजांनी स्वतः प्रश्न विचारले, आणि उत्तरांनी समाधान झाल्यावर दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. पुढे १९१३ साली, शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याच्या करारावर, त्यांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात धाडले. शिफारस होती, परंतु निवड झाली ती उत्तरांवर.

पारख अचूक होती. तथापि १९१७ साली आंबेडकर बडोद्यास रुजू झाले, तेव्हा जातीमुळे त्यांना शहरात राहावयास जागा मिळेना. कचेरीतही शिवाशिव आड आली. थोड्याच दिवसांत ते मुंबईस परतले. राजाने निवडलेले रत्न प्रजेने गमावले.

यातून आपण घ्यावयाचा बोध असा की, योग्य माणूस निवडणे हे अर्धेच काम होय. त्यास मानाने वागविणे हे उरलेले अर्धे. ‘हा आपल्यातला काय?’ हा प्रश्न आपल्या पेढ्यांवर अजूनही हिशेबाच्या प्रश्नाआधी विचारला जातो. तो मागे सारावा.

मी परत पाठविलेला तो संकोची तरुण आज दुसऱ्या गावी एका मोठ्या वखारीचा हिशेब सांभाळतो, असे कळते. माझ्या वहीत हा तोटा कोठेच लिहिलेला नाही. पण सर्वांत मोठा तोच आहे.