चघळण्याची सवय आणि दातांचे आरोग्य

दाताखाली काहीतरी चघळीत राहण्याची आवड मनुष्याला फार जुनी आहे. आपल्याकडे विडा, सुपारी नि बडीशेप. तिकडे मेक्सिकोत चिकूच्या झाडाचा चीक. त्याच चिकापासून एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत च्युइंगगम तयार होऊ लागले. आज त्यात बहुधा कृत्रिम डिंक असतो. हे चघळल्याने दात किडतात काय, या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही.

तोंडात असंख्य सूक्ष्म जंतू असतात. साखर मिळाली की त्यांपैकी काही जंतू तिचे आम्ल बनवितात आणि ते आम्ल दाताच्या कठीण आवरणातील क्षार विरघळविते. लाळ हे आम्ल सौम्य करते व गेलेले क्षार काही अंशी परत देते. चघळल्याने लाळ पुष्कळ सुटते. म्हणून जेवणानंतर वीसेक मिनिटे बिनसाखरेचे गम चघळल्यास दातांना मदतच होते. झायलिटॉल हा गोड पदार्थ तर या जंतूंना पचतच नाही. उलट, साखरेचे गम दातांना पुनःपुन्हा साखर पुरविते. सबब पुडीवरील घटक वाचूनच वस्तू घ्यावी. तथापि गम हे काही ब्रशाची किंवा मिसवाकची जागा घेऊ शकत नाही. अति चघळल्यास जबडा दुखतो, झायलिटॉल फार झाल्यास जुलाब होतात आणि लहानग्यांच्या घशात गम अडकण्याचे भय असते.

परंतु खरा शत्रू निराळाच आहे. तो म्हणजे सुपारी, आणि तिच्यापासून बनलेला पानमसाला व गुटखा. सुपारीने गालाची आतील त्वचा ताठर होत जाते व तोंड उघडेनासे होते. मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ साली या विकाराचे वर्णन केले. पुढे २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने नुसती सुपारीही, तंबाखू नसली तरी, कर्करोगकारक ठरविली. महाराष्ट्राने २०१२ मध्ये व कर्नाटकाने २०१३ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास २००३ च्या कायद्याने मनाई आहे. पण 'साधी सुपारी' म्हणून मिळणाऱ्या गोड पुडीकडे आपण कानाडोळा करतो, आणि मुलांच्या सवयीचा प्रारंभ बहुधा तिथूनच होतो.

तेव्हा घरोघरी एवढे अवश्य करावे :

१) रात्री निजण्यापूर्वी दात घासल्यावर काही खाऊ नये.
२) पाहुण्यांपुढील तबकात सुपारीऐवजी बडीशेप ठेवावी.
३) आपली तीन बोटे उभी धरून तोंडात मावतात की नाही, हे अधूनमधून पाहावे.
४) तोंडातील पांढरा वा लाल चट्टा अथवा जखम दोन आठवड्यांत बरी न झाल्यास दंतवैद्याकडे जावे.

आपले कलघटगी रंगीत पाळण्यांसाठी नावाजलेले आहे. त्या पाळण्यात सहाव्या महिन्याच्या सुमारास बाळाचा पहिला दात दिसतो, आणि घरात आनंद होतो. तो आनंद म्हातारपणापर्यंत टिकविणे पुष्कळसे आपल्याच हाती आहे.