चार कोंबड्यांना वर्षाचा खर्च किती? अण्णा नगरातला हिशेब

घरच्या अंड्याला किती पैसे पडतात, हे आधीच सांगून टाकतो. चांगल्या अंडी देणाऱ्या जातीच्या चार कोंबड्या पाळल्या, तर चेन्नईत एक अंडं साधारण पंधरा ते अठरा रुपयांना पडतं. अस्सल देशी कोंबड्या पाळल्या, तर चाळिसाच्या आसपास. कोपऱ्यावरच्या दुकानात नामक्कलचं पांढरं अंडं सहा-सात रुपयांना मिळतं आणि 'नाट्टुकोळी मुट्टै', म्हणजे गावठी अंडं, पंधरा-वीस रुपयांना. स्वस्त अंड्यांसाठी कोंबड्या पाळायच्या असतील तर इथेच थांबा. मुलांनी अंडं कुठून येतं ते पाहावं, ओल्या कचऱ्याचं काही व्हावं, कुंड्यांना खत मिळावं किंवा कोंबड्या नुसत्याच आवडतात म्हणून पाळायच्या असतील, तर पुढचा हिशेब उपयोगी पडेल. सगळे दर अंदाजी आहेत. तुमच्या भागातले दर घालून बेरीज पुन्हा करा.

अण्णा नगर हे चेन्नईतलं आखून वसवलेलं उपनगर. १९६८ च्या जागतिक व्यापार मेळ्यानंतर त्याला आकार आला आणि त्या मेळ्यासाठी बांधलेला विश्वेश्वरैया टॉवर अजून उद्यानात उभा आहे. रस्ते रुंद आहेत, झाडं भरपूर आहेत, पण जुन्या बंगल्यांच्या जागी मजल्यांच्या इमारती आल्या आणि परसू गेलं. बदलीवर आलेल्या मराठी कुटुंबाच्या वाट्याला बहुतेक वेळा गच्ची येते, किंवा तळमजल्याच्या मागची सात-आठ फुटांची पट्टी. म्हणून पहिला खर्च पैशांचा नाही, विचारपूस करण्याचा आहे. घरमालकाची लेखी संमती घ्या, सोसायटीचे नियम वाचा आणि महापालिकेच्या अण्णा नगर मंडळाच्या (मंडळ ८) कार्यालयात पक्षी पाळण्याबद्दल लेखी विचारणा करून पोच ठेवा. शेजाऱ्याशी बिनसलं की तोंडी परवानगीला कोणी विचारत नाही.

कोणती कोंबडी, कुठून

एक दिवसाची पिल्लं तीस ते पन्नास रुपयांना मिळतात आणि नवखा माणूस नेमका तिथेच फसतो. त्यांत नर-मादी निवडलेले नसतात. आठ घेतलीत तर चार-पाच कोंबडे निघू शकतात, आणि अण्णा नगरात भिंतीला भिंत लागलेल्या घरांत पहाटे चारला कोंबडा आरवला की शेजारी आधी फोन करतात, मग वर येतात. अंड्यांसाठी कोंबडा लागतच नाही. तो नसला तरी कोंबडी अंडी देते, फक्त त्यांतून पिल्लं निघत नाहीत. शिवाय पिल्लांना पहिल्या आठवड्यात ३५ अंशांची ऊब लागते आणि पुढे दर आठवड्याला ती तीनेक अंशांनी कमी करावी लागते. त्यानंतर पाच महिने नुसतं खाऊ घालायचं, तेव्हा कुठे पहिलं अंडं.

त्यापेक्षा तीन-चार महिन्यांच्या तलंगा घ्या. एक तलंग साडेतीनशे ते पाचशे रुपयांना पडते, पण ती मादी आहे हे दिसतं, तिला लसी टोचलेल्या असतात (नोंद मागा) आणि महिन्या-दोन महिन्यांत ती अंड्यावर येते. अंडी हवी असतील तर हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने काढलेली ग्रामप्रिया बरी. तिची वर्षाला दोनशेच्या आसपास अंडी धरतात. इथली देशी जात म्हणजे सिरुविडै, बुटकी आणि चिवट. ती साठ-सत्तर अंडी देते आणि मध्येच खुडूक होऊन बसते. कडकनाथाच्या नावावर महाराष्ट्रात लोकांनी किती पैसे घालवले ते आठवा आणि गच्चीवर तो प्रयोग करू नका.

तमिळनाडूच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाची (टानूवास) कुक्कुटपालनाची संस्था माधवरमला आहे. चौकशीची सुरुवात तिथून करावी. पल्लावरमच्या शुक्रवारच्या बाजारातही पक्षी मिळतात, पण दहा ठिकाणचे पक्षी एका पिंजऱ्यात कोंबलेल्या जागेहून कोंबडीबरोबर रोगही घरी येतो. रंगवलेली पिल्लं तर मुलांच्या हट्टासाठीही घेऊ नका.

सगळा धंदा शेकड्यांचा

चार कोंबड्यांचा खरा त्रास इथे आहे आणि तो कोणी आधी सांगत नाही. कोंबड्यांसाठी लागणारी प्रत्येक वस्तू शंभर-हजार पक्ष्यांच्या मापाने बनते. आपल्याकडे महाराष्ट्रात पशुसंवर्धन विभागाची तलंगा गट वाटपाची योजनासुद्धा २५ माद्या आणि ३ नर इथून सुरू होते. चार कोंबड्यांचा माणूस कुणाच्याच हिशेबात नसतो, त्यामुळे उरलेल्या मापाचे पैसे तोच भरतो.

खाद्य घ्या. अंड्यावरची कोंबडी रोज ११० ग्रॅम खाते. चौघींना ४४० ग्रॅम, वर्षाला १६० किलो. किलोला चाळीस रुपये धरले तर ६,४०० रुपये. लेअर मॅशचं पोतं ५० किलोचं येतं आणि ते चौघींना जवळजवळ चार महिने पुरतं. चेन्नईच्या दमट हवेत, त्यातून ऑक्टोबर ते डिसेंबरच्या पावसात, उघडलेलं पोतं चार महिने टिकत नाही. मक्याला आणि शेंगदाणा पेंडीला बुरशी लागते, तिच्यातलं अफ्लाटॉक्सिन यकृतावर जातं, अंडी कमी होतात आणि कारण कळत नाही. सुटं खाद्य किलोमागे पाच-सात रुपये महाग पडलं तरी पंधरा दिवसांपुरतंच घ्या, किंवा आणखी दोन घरं गाठून पोतं वाटून घ्या. ठेवायला झाकणाचा पत्र्याचा डबा हवा. दुकानात 'कोळी तीवनम्' म्हटलं की खाद्य मिळतं. 'उमि' म्हणजे भाताचं तूस, 'तविडु' म्हणजे कोंडा.

कोयंबेडूचा भाजी बाजार पलीकडेच आहे. पाला, कोबीची पानं, खराब टोमॅटो फुकट किंवा दहा-वीस रुपयांत मिळतात, आणि घरचा भात-पोळी असतेच. यावर खर्चाचा पाचवा भाग वाचेल, त्याहून जास्त नाही. नुसत्या उष्ट्या-खरकट्यावर कोंबडी जगते, पण अंडी देत नाही. तिला कॅल्शियम लागतं, म्हणून शिंपल्याचा चुरा वेगळा ठेवा. खारट, तळलेलं आणि हिरवट बटाट्याच्या साली मात्र टाळा.

आता लस. राणीखेत, म्हणजे मानमोडी, लस न दिलेल्या घरच्या कळपात शिरला की बहुधा एकही पक्षी उरत नाही. हिरवट-पांढरी हगवण, धाप, वाकडी होणारी मान, आणि दोन-चार दिवसांत खुराडं रिकामं. उपचार नाही. पिल्लाला पाचव्या-सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात थेंब, चौथ्या आठवड्याच्या सुमारास लासोटाचा दुसरा डोस आणि आठव्या आठवड्याला आर-टू-बीचं इंजेक्शन, असा ठरलेला क्रम आहे. त्याच सुमारास देवीची लसही देतात. कुपी शे-दोनशे रुपयांची असते, पण तिच्यात शंभर, दोनशे किंवा पाचशे डोस असतात. एकदा पातळ केली की दोन तासांत संपवायची, उरलेली फेकायची. वाटेत ती २ ते ८ अंशांत, बर्फावरच ठेवावी लागते. चार पक्ष्यांसाठी शंभर डोस विकत घेणं हे कोणाच्याही जिवावर येतं आणि मग लस राहूनच जाते.

यावर दोन मार्ग आहेत. एक, लसी पूर्ण झालेल्या तलंगा घेणं, जे वर सांगितलं. दोन, सरकारी दवाखाना. तमिळनाडूचं पशुसंवर्धन खातं दर फेब्रुवारीत 'वेळ्ळै कळिच्चल' या रोगाविरुद्ध मोफत लसीकरणाची मोहीम घेतं. तो आपला मानमोडीच. जानेवारीतच जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात तारीख विचारून ठेवा.

आजारी कोंबडी घेऊन कुत्र्या-मांजरांच्या खासगी दवाखान्यात गेलात तर बहुधा परत पाठवतील. वेपेरीचं मद्रास पशुवैद्यकीय महाविद्यालय १९०३ मध्ये सुरू झालं. त्याच्या रुग्णालयात सगळ्या जनावरांना पाहतात. तिथे तपासणीपेक्षा रिक्षाचे पैसे जास्त होतील.

खुराडं, ऊन, पाऊस

झोपायला कोंबडीमागे दोन चौरस फूट आणि हिंडायला दहा. चौघींना मिळून पन्नासेक चौरस फूट जागा लागते. वेल्डरकडून लोखंडी सांगाडा आणि अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी करून घेतली तर दहा-बारा हजार. षट्कोनी 'चिकन मेश' स्वस्त असते, पण ती कोंबड्यांना आत ठेवते, बाहेरच्यांना बाहेर ठेवत नाही. अण्णा नगरात मुंगूस आहे, मांजरं आहेत आणि सांडलेल्या दाण्यावर येणारी घूस आहे. घूस आली की तिच्या मागावर कधीतरी धामणही येते. जाळी जमिनीखालीही हवी आणि कडी अशी हवी की मांजराच्या पंजाने उघडणार नाही. इथे हजार रुपये वाचवले तर एका रात्रीत चारही कोंबड्या जाऊ शकतात.

चेन्नईत पक्षी मरतात ते बहुतेक वेळा उन्हाने. कोंबडीच्या अंगाचं तापमानच ४१-४२ अंश असतं आणि तिला घाम येत नाही. ती चोच उघडून धापते, तेवढाच उपाय तिच्याकडे. 'कत्तिरि वेयिल', म्हणजे ४ मे ते २८ मे हा काळ, सिमेंटच्या गच्चीवर फार कठीण. खुराडं पश्चिमेच्या भिंतीला लावू नका. वर पांढरा चुना, त्यावर झावळ्या किंवा शेडनेट, आणि पाण्याची भांडी मातीची ठेवा. दाणा पहाटे सहाच्या आत आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर, कारण पचनानेही अंग तापतं. शेडनेट आणि पंख्यापोटी दोन-तीन हजार धरून ठेवा. हा खर्च कुठल्याच पुस्तकी तक्त्यात नसतो, खालच्या बेरजेतही धरलेला नाही.

पावसाचा त्रास वेगळा आहे. आपला पाऊस जून-सप्टेंबरचा, इथला ऑक्टोबर-डिसेंबरचा, आणि पंचांग जुन्या सवयीने वाचणाऱ्या मराठी माणसाची तयारी चुकीच्या महिन्यात होते. २०२३ च्या डिसेंबरात मिचाँग चक्रीवादळात शहरभर पाणी साचलं होतं. तळमजल्यावरचं खुराडं दोन-अडीच फूट उंच जोत्यावरच हवं. तुसाची किंवा काथ्याच्या भुशाची गादी ओली झाली की रक्ती हगवण होते आणि अमोनियाचा वास सुटतो. गादी उलटणं, चुना मारणं, बदलणं याला वर्षाच्या सरासरीने महिना शंभर रुपये. पावसाळ्यात जास्त.

चार कोंबड्या रोज मिळून साधारण चारशे ग्रॅम विष्ठा टाकतात. काथ्याच्या भुशात मिसळून दीड-दोन महिने कुजवली तर कुंड्यांना उत्तम खत. ताजी टाकलीत तर तुळसही जळेल. वासाची तक्रार नव्वद टक्के इथूनच येते, हे माझं मत.

बेरीज

खाद्य ६,४००. खुराड्याचे बारा हजार पाच वर्षांवर वाटले तर २,४००. गादी १,२००. जंताचं औषध, लस, दवाखान्याची फेरी १,०००. कोंबड्यांची किंमत दोन वर्षांवर वाटून ८००. एकूण ११,८००. आठशे अंडी आली तर प्रत्येकी पावणेपंधरा रुपये, उन्हाळ्यामुळे साडेसहाशेच आली तर अठरा. देशी कोंबडी कमी खाते, रोज ८० ग्रॅम. तिचा खर्च १०,१००, पण अंडी २६०, म्हणून दर ३९.

एक छोटी गोष्ट स्वस्त आहे आणि उपयोगी पडते. अंड्यांसाठी कोंबडीला १४ ते १६ तास उजेड लागतो, आणि चेन्नईत मोठ्यात मोठा दिवसही तेरा तासांच्या आतला. नऊ वॉटचा एलईडी संध्याकाळी तीन तास लावला तर वर्षाला दहा युनिट. सिरुविडैला मात्र याचा फारसा फरक पडत नाही.

कोंबड्यांऐवजी जपानी लावी पाळायचा विचार करता येईल. ती सहा-सात आठवड्यांत अंड्यावर येते, रोज २५-३० ग्रॅम खाते आणि आवाज फारसा करत नाही. बाल्कनीतल्या भाडेकरूला तीच परवडते. बदकं पाणी आणि चिखल करतात. गिनी कोंबडी गोचीड खाते म्हणून कोणी सुचवेल, तर तिचा आवाज आधी ऐका.

दोन प्रश्न पैशांत मोजता येत नाहीत, पण आधी सोडवावे लागतात. पहिला, अंडी कमी झाल्यावर कोंबडीचं काय? ती दीड-दोन वर्षं चांगली देते आणि सहा-सात वर्षं जगते. घरात नाव ठेवलेली कोंबडी कापली जात नाही. मग तिला पेन्शनीत धरा, वर्षाला कोंबडीमागे सोळाशे रुपये. दुसरा, बर्ड फ्लू. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला उद्रेक नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला झाला, तेव्हा व्यावसायिक शेडांबरोबर घरोघरच्या कोंबड्याही मारल्या गेल्या. लागण झालेल्या जागेपासून एक किलोमीटरच्या आत पाळीव आणि धंद्याची असा भेद सरकार करत नाही. अचानक दोन-तीन पक्षी मेले तर हाताळू नका, पुरून मोकळेही होऊ नका, दवाखान्याला कळवा.

आणि सुट्टी. दिवाळीला गावी गेलात तर इथे ऐन पाऊस असतो. कुत्र्यांसाठी वसतिगृहं आहेत, कोंबड्यांसाठी नाहीत. वॉचमन किंवा घरकाम करणाऱ्या ताईंना दिवसाला शंभर रुपये आणि त्या दिवसांची सगळी अंडी देणं हा चालणारा दर आहे. दहा दिवसांचे हजार. हे वरच्या बेरजेत धरलेले नाहीत.