गृध्रसी ऊर्फ सायटिका : दुखणे आणि उपाय

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. गावात आमची पिठाची गिरणी आहे. आषाढातल्या एका सकाळी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ज्वारीचे पोते उचलले आणि ते तसेच खाली बसले. कंबरेत उसण भरली असेल, संध्याकाळपर्यंत सुटेल, असे सर्वांना वाटले. दुसऱ्या दिवशी मात्र कळ कंबरेत राहिली नाही. डाव्या कुल्ल्यातून मांडीच्या मागच्या बाजूने पोटरीत, आणि तेथून थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत ती उतरली. नुसते खोकले तरी विजेचा झटका बसल्यासारखे ते कळवळत.

मग उपाय सुरू झाले. शेजारच्या काकूंनी निर्गुडीचा पाला आणून दिला. कोणी म्हणाले, "शीर दबली आहे", कोणी म्हणाले, "मणक्यात गॅप पडली आहे", कोणी म्हणाले, "गादी सरकली." वाडीवरच्या एका पायाळू मुलाला बोलावून त्याचा पाय अण्णांच्या कंबरेला लावून झाला. कंबरपट्टा आला. अण्णा एकवीस दिवस फळीवर पडून राहिले आणि गिरणी बंद राहिली. शेवटी एका खाजगी दवाखान्यात एम.आर.आय.चा फोटो पाहून सांगण्यात आले, "आठ दिवसांत ऑपरेशन करा, नाहीतर पाय कायमचा जाईल." खर्चाचा आकडा ऐकून आई गिरणी विकण्याची भाषा करू लागली.

ऑपरेशन करावे की थांबावे, या एका प्रश्नावर त्या आठवड्यात आमच्या घरी कोणी धड जेवले नाही. प्रस्तुत लेख त्या प्रश्नातून निर्माण झाला आहे. मी कला शाखेचा विद्यार्थी. वैद्यकशास्त्र हा माझा विषय नव्हे, आणि हा लेख वाचून कोणी स्वतःचे औषध ठरवावे असेही मला सुचवायचे नाही. परंतु आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी कष्टाने झिजलेली एक तरी कंबर असते. म्हणून त्या वेळी आणि नंतर जे वाचले, विचारले, समजून घेतले, ते येथे मांडतो.

नाव आणि शोध

हे दुखणे नवे नाही. आयुर्वेदात याला 'गृध्रसी' म्हणतात. गृध्र म्हणजे गिधाड. रुग्णाची लंगडी, अडखळती चाल गिधाडासारखी दिसते म्हणून हे नाव पडले, असे सांगतात. चरकसंहितेत त्याची गणना वातविकारांत आहे. वेदना कुल्ल्यापासून सुरू होऊन कंबर, मांडी, गुडघा, पोटरी आणि पाऊल अशी क्रमाने उतरते, हे वर्णन तेथे इतके नेमके आहे की अण्णांना पाहूनच ते लिहिले असावे असे मला वाटले. उपाय म्हणून बस्ती, शिरावेध आणि अग्निकर्म सांगितले आहेत. लक्षणांचे निरीक्षण अचूक होते. कारण मात्र शरीराच्या आत दडलेले होते.

युरोपात नेपल्सच्या दोमेनिको कोतुन्यो या वैद्याने १७६४ साली ग्रंथ लिहून सांधेदुखीचा सायटिका आणि मज्जातंतूचा सायटिका हे वेगळे आहेत असे दाखविले. तरीही मज्जातंतू का दुखावतो, हे कळण्यास विसावे शतक उजाडावे लागले. १९३४ साली अमेरिकेतील बॉस्टन येथील मिक्स्टर आणि बार या दोन शल्यचिकित्सकांनी दाखवून दिले की, मणक्यांमधील चकती फाटून तिचा भाग मागे सरकतो आणि तेथून निघणाऱ्या मज्जातंतूच्या मुळावर दाब येतो. आज आपण ज्याला 'स्लिप डिस्क' म्हणतो, त्याची ओळख ही अशी झाली.

दुखते कशाने?

कंबरेच्या मणक्यांतून आणि त्रिकास्थीतून निघणारी पाच मुळे एकत्र येऊन सायटिक मज्जातंतू बनतो. शरीरातला हा सर्वांत जाड मज्जातंतू. कुल्ल्यातून निघून तो मांडीच्या मागून खाली उतरतो. दोन मणक्यांमध्ये जी चकती असते, तिला बाहेरून चिवट कडे आणि आत मऊ गाभा असतो. कडे फाटले की गाभा बाहेर डोकावतो. तो मुळाला दाबतो आणि तेथे दाहही निर्माण करतो. म्हणजे बिघाड कंबरेत, पण कळ पायात! तेव्हा 'गादी सरकली' असे लोक म्हणतात त्यात तथ्याचा अंश आहे. पण सबंध गादी सरकत नाही, आणि पायाळू माणसाच्या पायाने ती जागेवर बसत नाही. वृद्धांमध्ये मज्जारज्जूची नळी अरुंद झाल्यानेही असे दुखणे होते.

गिरणी विकण्याआधी आणखी एकाचा सल्ला घ्यावा, म्हणून आम्ही अण्णांना सरकारी रुग्णालयात नेले. तेथील डॉक्टरबाईंनी फोटो बाजूला ठेवला आणि आधी माणूस तपासला. उताणे झोपवून सरळ पाय हळूहळू वर उचलला. अर्ध्यातच अण्णा ओरडले. ही परीक्षा फ्रान्सच्या लासेग या डॉक्टरच्या नावाने ओळखली जाते; ती त्याच्या शिष्याने १८८१ साली लिहून ठेवली. मग बाई म्हणाल्या, "मामा, टाचांवर चालून दाखवा. आता चवड्यांवर. अंगठा वर ओढा, मी दाबते." शेवटी त्यांनी विचारले, "लघवी नीट होते ना? बसायच्या जागी बधिरपणा?" अण्णा लाजून माझ्याकडे पाहू लागले. मी बाहेर गेलो. त्या प्रश्नाचे मोल मला पुढे कळले.

पायात शक्ती पूर्ण होती, लघवी व्यवस्थित होती. बाई म्हणाल्या, "घाई नाही. उठून चालायला लागा."

आणि एम.आर.आय.चा फोटो? १९९४ साली अमेरिकेत, कंबर कधीच दुखत नसलेल्या ९८ लोकांचे असे फोटो काढण्यात आले. त्यांपैकी ५२ टक्के लोकांच्या निदान एका चकतीला फुगवटा होता! याचा अर्थ फोटो खोटा असतो असा नव्हे. परंतु फोटोतील दोष आणि रुग्णाच्या अंगावरील लक्षणे यांचा मेळ बसला तरच त्याला अर्थ आहे.

उपायांची परीक्षा

पहिला उपाय विश्रांतीचा. अण्णांचे एकवीस दिवस याच समजुतीत गेले. नेदरलँड्समधील डॉक्टरांनी १९९९ साली १८३ सायटिका-रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्यांना दोन आठवडे अंथरुणात ठेवले, निम्म्यांना जमेल तसे हिंडू-फिरू दिले. बारा आठवड्यांनंतर दोन्ही गटांत ८७ टक्के लोकांना बरे वाटत होते. पडून राहणाऱ्यांना काहीही जास्तीचे मिळाले नाही. कळ असह्य असेल तेव्हा दिवस-दोन दिवस आडवे होणे वेगळे. आठवडेच्या आठवडे पडून राहिले की स्नायू मात्र दुर्बळ होतात.

या आकड्यांत दुसरीही एक गोष्ट दडली आहे. बहुतेक रुग्ण सहा ते बारा आठवड्यांत आपोआप सुधारतात. बाहेर आलेला गाभा शरीर हळूहळू शोषून घेते आणि दाह ओसरतो. म्हणूनच पाला, पट्टा, तेल किंवा पायाळूचा पाय, यांपैकी जे काही सहाव्या आठवड्यात चालू असेल, त्यालाच यशाचे श्रेय मिळते!

व्यायामाचे स्थान यापेक्षा वरचे आहे. जमेल तेवढे चालणे, थोड्या थोड्या वेळाने बसण्याची स्थिती बदलणे, आणि जाणकाराकडून शिकून घेतलेले कंबरेचे व पोटाचे व्यायाम. न्यूझीलंडच्या रॉबिन मॅकेंझी यांच्या पद्धतीत एक खूण सांगितली आहे : कळ पावलातून वर सरकत कंबरेत गोळा होऊ लागली तर ते सुधारण्याचे चिन्ह समजावे. अण्णांची कंबर चौथ्या आठवड्यात जास्त दुखू लागली तेव्हा आम्ही घाबरलो होतो. पण त्याच वेळी पोटरी मोकळी झाली होती.

शेकाने स्नायू सैल होतात, बरे वाटते. त्यात वावगे काही नाही. फक्त बधिर त्वचेला चटका समजत नाही, हे ध्यानात ठेवावे. वजने लावून कंबर ताणणे व पट्टा बांधणे हे उपाय ब्रिटनच्या 'नाइस' या मार्गदर्शक संस्थेने २०१६ पासून देऊ नयेत असे म्हटले आहे.

गोळ्यांची कथा अशीच. आयब्युप्रोफेनसारख्या दाहशामक गोळ्यांनी काहींना थोडा आराम पडतो. पण जठर आणि मूत्रपिंड यांना त्या बाधू शकतात, तेव्हा डॉक्टरांना विचारून आणि थोडेच दिवस घ्याव्यात. 'नसांची गोळी' म्हणून सर्रास दिल्या जाणाऱ्या प्रीगॅबॅलिनची ऑस्ट्रेलियात परीक्षा झाली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षानुसार सायटिकात तिचा उपयोग निव्वळ बनावट गोळीपेक्षा अधिक झाला नाही. चक्कर येण्याचे प्रमाण मात्र वाढले. मणक्यात दिले जाणारे स्टेरॉइडचे इंजेक्शन तीव्र वेदनेत काही आठवडे दिलासा देऊ शकते; तो दिलासा माफक असतो.

शस्त्रक्रिया केव्हा?

येथे आमच्या मूळ प्रश्नाकडे वळतो. आज ही शस्त्रक्रिया लहान छेद देऊन, सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने होते आणि बाहेर आलेला तुकडाच तेवढा काढला जातो. तिला उगाच भिण्याचे कारण नाही. २००७ साली नेदरलँड्समध्येच, सहा ते बारा आठवडे तीव्र सायटिका असलेल्या २८३ रुग्णांची तुलना झाली. ज्यांची लवकर शस्त्रक्रिया झाली त्यांची पायाची कळ लवकर थांबली. परंतु वर्षअखेरीस दोन्ही गटांत ९५ टक्के लोक बरे झालेले होते. थांबणाऱ्यांपैकी ३९ टक्क्यांना मात्र त्या वर्षात शेवटी शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली.

हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचले पाहिजेत. ज्याला वेदना सोसवत नाही, आठवडे उलटूनही जो कामावर जाऊ शकत नाही, त्याच्यासाठी शस्त्रक्रिया हा आराम लवकर मिळविण्याचा रास्त मार्ग आहे. ज्याचा पाय शाबूत आहे आणि ज्याला धीर धरवतो, त्याला थांबण्याचा अधिकार आहे. तो निर्णय रुग्णाचा. 'पाय जाईल' या भीतीने तो घेतला जाऊ नये.

जेथे थांबू नये

पण थांबण्याचा हा सल्ला सर्वांना लागू नाही, आणि हे लिहिल्यावाचून लेख पुरा करणे मला अपराधासारखे वाटेल. आमच्या नात्यातील एका मावशींना हेच दुखणे होते. एके दिवशी त्यांची लघवी अडली आणि मांड्यांच्या मधली, बसण्याची जागा बधिर झाली. सांगायचे कोणाला आणि कसे? लाजेपोटी त्या दोन दिवस गप्प राहिल्या. शस्त्रक्रिया झाली, पण उशिरा. आज त्या चालतात. लघवीवरचा ताबा मात्र परत आला नाही. डॉक्टरबाईंच्या त्या प्रश्नाचा अर्थ मला मावशींकडून कळला.

म्हणून पुढील चिन्हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असावीत. लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरील ताबा जाणे, बसण्याची जागा बधिर होणे, दोन्ही पायांत कळ वा अशक्तपणा येणे : यांत तास मोजावे, दिवस नव्हे. मोठ्या रुग्णालयात तात्काळ जावे. पाऊल वर उचलता येईनासे झाले, तरीही उशीर करू नये. कंबरदुखीबरोबर ताप, वजन घटणे, पूर्वीचा कर्करोग किंवा मोठी पडझड असेल तर मणक्याचा क्षय, गाठ किंवा अस्थिभंग नाही ना, हे तपासून घ्यावे.

तात्पर्य, सायटिकाच्या बाबतीत शहाणपण दोन गोष्टींत आहे : बहुसंख्यांनी हिंडत-फिरत धीर धरणे, आणि थोड्यांनी क्षणभरही न थांबणे. आपण कोणत्या गटात आहोत हे फोटो एकटा सांगत नाही, शेजारी तर मुळीच सांगत नाहीत. ते नीट तपासणारा डॉक्टर आणि खरे सांगणारा रुग्ण मिळून ठरते.

अण्णांना बरे वाटायला एकंदर अकरा आठवडे लागले. गिरणी विकावी लागली नाही. आता पोते ते एकट्याने उचलत नाहीत; सुट्टीत मी घरी असलो की दुसरे टोक माझ्या हातात असते.