बळाचा समतोल

खेळ म्हटला की हार-जीत आलीच. हरण्याचे दुःख फार काळ टिकत नाही. कारण पुढच्या डावात आपण जिंकू, अशी आशा हरणाऱ्याच्या मनात असते. ती आशाच मावळली, तर मात्र खेळातला आनंद संपतो. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या ओसरीवर असाच एक प्रसंग घडला.

माझ्या नातवाला आणि त्याच्या सवंगड्यांना ‘पोकेमॉन’ या जपानी खेळाचे मोठे वेड. चित्रविचित्र काल्पनिक प्राणी गोळा करायचे, त्यांना वाढवायचे आणि त्यांच्या झुंजी लावायच्या, असा तो खेळ आहे. “आपणही असा एक खेळ रचू, पण त्यातले प्राणी आपले स्वतःचे!” असे मुलांनी ठरविले. मग काय विचारता! जुन्या पुठ्ठ्यांचे पत्ते कापले गेले, रंगांच्या पेट्या उघडल्या आणि तीन दिवसांत तीस प्राणी जन्माला आले.

प्रत्येक पत्त्यावर प्राण्याचे चित्र आणि त्याखाली चार आकडे होते: प्राण, आक्रमण, बचाव आणि वेग. चारही आकड्यांची बेरीज 200 झालीच पाहिजे, असा नियम होता. “म्हणजे कोणावर अन्याय व्हायला नको,” असे नातवाने मला मोठ्या समजूतदारपणे सांगितले. झुंजीचे नियमही सोपे होते. ज्याचा वेग अधिक, त्याने पहिला वार करायचा; मग दोघांनी आळीपाळीने. वार करणाऱ्याच्या आक्रमणातून समोरच्याच्या बचावाचा निम्मा आकडा वजा करायचा आणि जे उरेल तितके त्याचे प्राण कमी करायचे. ज्याचे प्राण आधी संपतील, तो हरला.

चार दिवस ओसरी नुसती गजबजून गेली होती. पाचव्या दिवशी मात्र तेथे शुकशुकाट दिसला. शेजारची धाकटी मुलगी तुळशीवृंदावनापाशी एकटीच बसली होती. तिच्या हातात तिने स्वतः रंगविलेला कूर्मराज होता. पाठीवर डोंगर आणि डोंगरावर झाडे, असे ते सुरेख कासव होते.

“काय ग, खेळायला नाही गेलीस?” मी विचारले.

“जाऊन काय करू, आजोबा? दादाची सौदामिनीच जिंकते. कोणीही येवो, तीच जिंकते. आता सगळ्यांना सौदामिनीच हवी आहे. माझ्या कासवाकडे कोणी बघतसुद्धा नाही.”

सौदामिनी हा माझ्या नातवाचा लाडका प्राणी. मुंगसासारखे चपळ अंग, शेपटीच्या टोकाला वीज. मी नातवाला हाक मारली. तो जरा घुश्शातच आला. “आजोबा, मी काही लबाडी केलेली नाही. तुम्हीच बेरीज करून पाहा. बरोबर 200 आहे.”

मी तीन पत्ते समोर मांडले. सौदामिनीचे प्राण 40, आक्रमण 80, बचाव 20, वेग 60. वज्रशृंग नावाच्या शिंगाळ प्राण्याचे प्राण 40, आक्रमण 80, बचाव 40, वेग 40. कूर्मराजाचे प्राण 60, आक्रमण 40, बचाव 80, वेग 20. तिन्ही बेरजा खरोखरच 200 होत्या.

“आता झुंज लाव पाहू,” मी म्हणालो.

सौदामिनीने वज्रशृंगावर पहिला वार केला. 80 मधून 20 गेले, उरले 60. आणि वज्रशृंगाचे प्राण तर अवघे 40! बिचाऱ्याला एकदाही शिंग उगारता आले नाही. मग कूर्मराजाची पाळी आली. पहिल्या वारात त्याचे 40 प्राण गेले. त्याने उलट वार करून सौदामिनीचे 30 प्राण घेतले. पण तिचे 10 उरले, आणि दुसऱ्या वारात तिने त्याला संपविले.

“बेरीज सारखी आहे, हे खरे,” मी म्हणालो, “पण त्या आकड्यांची किंमत सारखी नाही. ज्याला पहिला वार करता येतो आणि ज्याचा वारही जबर असतो, त्याला बचावाची गरजच काय? शत्रूच्या हाती शस्त्र येण्यापूर्वीच लढाई संपते.”

मुले विचारात पडली. एकाने लगेच तोडगा सुचविला, “मग आपण बाकीच्या प्राण्यांना आणखी बळ देऊ. त्यांची बेरीज 250 करू!”

“आणि उद्या कोणी आणखी बलवान प्राणी आणला, तर 300 करायची? त्यापुढे 400? अशाने आकडे वाढतील आणि प्रत्येक आकड्याची किंमत घटेल. त्यापेक्षा ज्यांच्या खेळावरून तुम्हांला ही कल्पना सुचली, त्यांनी काय केले ते ऐका.”

मुले सरसावून बसली आणि मी सांगू लागलो.

जपानमधील टोकियोजवळच्या माचिदा या गावी सातोशी ताजिरी नावाचा एक मुलगा वाढला. शेतांत, ओढ्याकाठी हिंडून किडे गोळा करण्याचा त्याला नाद होता. पुढे शहर वाढले, शेते आणि तळी बुजली, किडे दिसेनासे झाले. मोठेपणी त्याला वाटले की, शोधण्याचा आणि गोळा करण्याचा तो आनंद आजच्या मुलांनाही मिळावा. 1983 साली त्याने ‘गेम फ्रीक’ नावाचे, खेळांविषयीचे एक मासिक सुरू केले. आरंभी त्याची पाने तो स्वतः हाताने लिहून जुळवीत असे. त्या हौशी मासिकातूनच पुढे खेळ रचणारी कंपनी उभी राहिली आणि 1996 साली पोकेमॉनचा पहिला खेळ जपानमध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 151 प्राणी होते.

इतक्या प्राण्यांच्या बळाचा मेळ घालणे सोपे नव्हते. खेळाच्या आरंभी खेळाडूने तीन प्राण्यांतून एक निवडायचा असतो: वनस्पतींच्या वर्गातला बल्बासॉर, अग्नीच्या वर्गातला चारमँडर आणि जलाच्या वर्गातला स्क्वर्टल. त्या पहिल्या खेळात प्रत्येक प्राण्याला पाच मूळ आकडे होते. त्यांची बेरीज पाहा. बल्बासॉरची 253, चारमँडरची 249 आणि स्क्वर्टलची 250. जवळजवळ सारखीच! शिवाय पाणी आगीवर मात करते, आग झाडाला जाळते आणि झाड पाणी शोषून घेते. तिघांपैकी प्रत्येक जण एकाला भारी, तर दुसऱ्यापुढे दुबळा. येथे समतोल उत्तम साधला होता.

पण सगळीकडे तो साधला नाही. मनोबलाने लढणारे प्राणी त्या खेळात फारच वरचढ ठरले. त्यांना भय होते ते केवळ किड्यांच्या वर्गातल्या हल्ल्यांचे. आणि ते हल्ले तर अगदी लेचेपेचे होते. भुतांच्या वर्गापुढेही मनोबली प्राणी हरतात, असे खेळातलेच एक पात्र सांगत असे. प्रत्यक्षात आकडेमोडीत चूक राहिली होती आणि भुताच्या हल्ल्याचा त्यांच्यावर काहीच परिणाम होत नव्हता.

दुसरी एक उणीव तर सहज ध्यानात येण्याजोगी नव्हती. ज्याचा वेग अधिक त्याला पहिला वार मिळे, हे उघड होते. पण मर्मावर बसणारा, अधिक इजा करणारा वार किती वेळा लागावा, हेही त्या खेळात वेगावरच ठरत असे. मेवटू या महाबली प्राण्याचा मूळ वेग 130. त्याचा वार सुमारे चारांत एकदा मर्मी लागे. स्लोब्रो या मंद प्राण्याचा वेग 30. त्याचा वार सतरांत एखादाच तसा लागे. एकाच गुणाचे दोन-दोन लाभ मिळत होते.

“अगदी आमच्या सौदामिनीसारखे!” नातू उद्गारला.

“होय. पण चूक कळल्यावर ते स्वस्थ बसले नाहीत.”

1999 साली ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’ हे पुढचे खेळ आले. त्यांत अंधार आणि पोलाद हे दोन नवे वर्ग होते. मनोबलाचा हल्ला अंधाराच्या प्राण्यांना लागतच नाही आणि पोलादी प्राण्यांना तो थोडाच लागतो. भुतांविषयीची चूकही सुधारली. मर्मावरचा वार वेगावर अवलंबून ठेवला नाही. पूर्वी ‘विशेष बळ’ हा एकच आकडा हल्ल्यालाही उपयोगी पडे आणि बचावालाही. त्याचे आता दोन वेगळे आकडे केले. मेवटूचे विशेष बळ पूर्वी 154 होते. नव्या खेळात त्याचा विशेष हल्ला 154 राहिला, पण विशेष बचाव 90 वर आला. पुढे ड्रॅगनांचा वर्ग डोईजड झाला, तेव्हा 2013 साली परींचा वर्ग आणला. परींवर ड्रॅगनांचा हल्ला चालतच नाही.

त्यांनी आणखीही एक युक्ती योजली. 2002 साली आलेल्या खेळांत स्लेकिंग नावाचा एक प्रचंड आळशी प्राणी आहे. त्याच्या सहा आकड्यांची बेरीज 670, म्हणजे अनेक महाबली प्राण्यांच्या तोडीची! पण तो एक डाव लढतो आणि पुढच्या डावी स्वस्थ पडून राहतो. सामर्थ्य दिले, पण त्याची किंमतही वसूल केली.

गोष्ट संपली. मुलांच्या नजरा आपोआप सौदामिनीच्या पत्त्याकडे वळल्या. नातवाने तो पत्ता उचलून छातीशी धरला.

“म्हणजे मी माझ्याच हातांनी तिला दुबळी करायची, आजोबा?”

त्याच्या आवाजात कंप होता. मी त्याला एकच प्रश्न विचारला, “बाळ, तू फक्त सौदामिनी निर्माण केलीस, की हा सगळा खेळ निर्माण केलास?”

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने पेन्सिल घेतली. सौदामिनीच्या आक्रमणातले 10 काढून बचावात घातले. आक्रमण 70, बचाव 30. झुंज लावून पाहिली. कूर्मराज पुन्हा हरला. “पाहिलंत? काही उपयोग नाही,” असे म्हणून तो पत्ता खाली ठेवणार होता. पण त्याचे लक्ष समोर गेले. धाकटी काही बोलत नव्हती. नुसती आपल्या कासवाकडे पाहत होती. त्याने पुन्हा पेन्सिल उचलली आणि आणखी 10 हलविले. आक्रमण 60, बचाव 40. बेरीज तीच, 200.

आता सौदामिनीने कूर्मराजावर वार केला. 60 मधून 40 गेले. कासवाचे 20 प्राण कमी होऊन 40 उरले. कासवाने उलट वार केला. सौदामिनीचे 20 उरले. तिने पुन्हा वार केला. कासवाचे 20 उरले. कासवाने संथपणे दुसरा वार केला, आणि सौदामिनीचे प्राण शून्यावर आले!

“जिंकलं! माझं कासव जिंकलं!” धाकटी टाळ्या पिटीत अंगणभर नाचली.

मग मुलांनी उरलेल्या झुंजी लावल्या. सौदामिनी आजही वज्रशृंगाला पहिल्याच वारात लोळवीत होती. वज्रशृंग मात्र कूर्मराजाला दोन वारांत हरवीत होता. आणि कूर्मराज सौदामिनीला पुरून उरत होता. एकाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा आणि तिसऱ्याला पुन्हा पहिला भारी! तीस पत्ते पुन्हा एकदा चाळले गेले, कारण आता कोणता पत्ता केव्हा काढावा, याचा विचार करावा लागत होता. बळाच्या जागी बुद्धीला काम मिळाले होते.

त्या सुट्टीत मुलांनी एक वही घातली. कोण कोणाशी लढले, कोण जिंकले, हे ते तीत टिपून ठेवीत. एखादा प्राणी फार वेळा जिंकू लागला, की त्याचा एकच आकडा बदलीत आणि पुन्हा खेळून पाहत. एका वेळी एकच बदल केला म्हणजे कशाचा परिणाम कशावर झाला, हे नेमके कळते, हेही त्यांना उमगले.

सुट्टी संपताना मी नातवाला विचारले, “सौदामिनी आता हरते, याचे वाईट वाटते का रे?”

तो हसला. “थोडं वाटतं, आजोबा. पण आता ती जिंकते ना, तेव्हा जास्त मजा येते.”

शब्दार्थ

सवंगडी – खेळातला सोबती. सौदामिनी – वीज. वज्रशृंग – वज्रासारखी कठीण शिंगे असलेला. कूर्म – कासव. मर्म – शरीरातील नाजूक जागा. डोईजड होणे – आवाक्याबाहेर वरचढ होणे. पुरून उरणे – समर्थपणे तोंड देऊन वरचढ ठरणे.

स्वाध्याय

1. एका वाक्यात उत्तरे लिहा :
(अ) पाचव्या दिवशी धाकटी मुलगी खेळायला का गेली नाही?
(आ) सातोशी ताजिरी यांना लहानपणी कशाचा नाद होता?
(इ) स्लेकिंगच्या प्रचंड सामर्थ्याला कोणती मर्यादा घातली आहे?

2. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा :
(अ) सर्व प्राण्यांच्या आकड्यांची बेरीज सारखी असूनही खेळात समतोल का नव्हता?
(आ) बाकीच्या प्राण्यांचे बळ वाढविण्याचा तोडगा आजोबांनी का मानला नाही?
(इ) पहिल्या खेळातल्या चुका सुधारण्यासाठी 1999 साली कोणते बदल करण्यात आले?

3. “तू फक्त सौदामिनी निर्माण केलीस, की हा सगळा खेळ निर्माण केलास?” या प्रश्नाचा आशय तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.

4. वाक्यांत उपयोग करा : शुकशुकाट असणे, लेचेपेचे असणे, पुरून उरणे, स्वस्थ बसणे.

5. वज्रशृंग आणि कूर्मराज यांची झुंज पाठातील नियमांप्रमाणे वहीत मांडा.

6. बेरीज 200 होईल असा तुमचा स्वतःचा एक प्राणी तयार करा. पाठातील तिन्ही प्राण्यांशी त्याची झुंज लावून पाहा. तो तिघांनाही हरवीत असेल, तर कोणता आकडा बदलाल आणि का, ते लिहा.